इंजिनाचा खोकला

प्रिय नेरिसा,

पाकीट बघून घाबरू नकोस. नवीन कोणी मेलेलं नाही. जी गेली ती तुला ठाऊक आहे, आणि तिला मातीत ठेवून आता वर्ष होत आलं. मी धड आहे, खांदा सोडून. पत्र लिहायला बसलो कारण फोनवर आपलं जमत नाही. तू रडतेस, मी चिडतो, मग तुझ्या इंग्लंडपासून इथपर्यंतचा सगळा समुद्र मधे घुसतो आणि फोन तुटतो. मागल्या वेळी तो तुटला नव्हता, मी ठेवला होता. तू जे बोललीस त्याचं उत्तर मला कागदावरच द्यायचं होतं. शाळा मी किती शिकलो ते तुला माहीत आहे, शिडं शिवायला पोरं लागायची म्हणून आज्यानं उचलून नेलं मला. तेव्हा अक्षराला हसू नकोस. शेजारच्या मेरलनं तुला फोन करून काय ऐकवलं तेही कळलं मला. त्या बाईच्या तोंडाला झाकण नाही. पण ती खोटं बोलली नाही, अर्धं बोलली. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे. ते सांगून टाकतो.

आधी होडीचं सांगतो, कारण ते तू आता विचारत नाहीस. एके काळी रोज विचारायचीस, बॅटऱ्या किती भरल्या, मोटार गरम होते का, जणू मी होडी नाही, तुझं तान्हं बाळ सांभाळतोय. तर ऐक. मोटार चांगली चालते. केबिनवरचे सोलरचे पत्रे मी रोज सकाळी गोड्या पाण्यानं पुसतो, कारण मिठापेक्षा त्या पाणकोळ्यांचा त्रास जास्त आहे, पोट भरलं की तिथेच येऊन बसतात आणि घाण करतात. वारा चांगला असला आणि शीड भरलं की पाण्याच्या ओढीनं होडीखालचा पंखा आपला आपण फिरतो आणि बॅटऱ्या भरतात, तू म्हणालीस तसंच. मी शेजारच्या होडीवाल्या हडसनला ते दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे वाराच तेल घालतो? मग आजवर आपण कोणाच्या घशात ओतत होतो?" तळाशी आता तेलाचा थेंब नाही. मासळीला डिझेलचा वास येत नाही. वादळात आपलं अर्धं विंडवर्ड गाव उडालं, मोठ्या बेटावरून तेल येईनासं झालं, तेव्हा सगळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर बसून होत्या आणि आपली 'पेशन्स' तेवढी ये-जा करत होती. सगळ्यांना सिमेंट आणि पत्रे आणून दिले तिनं. 'पेशन्स', म्हणजे धीर, हे नाव तुझ्या आईनं ठेवलं होतं, कारण नवऱ्यात तो नव्हता. ती म्हणायची, घरात एकाकडे तरी असू दे.

आता मागचं. तू सुटीला आलीस तेव्हा माझा खांदा गेलेला होता. जुन्या इंजिनानं हँडल उलटं मारलं आणि हाड जागचं हललं. हँडल फिरवता येत नाही म्हणजे इंजिन चालू होत नाही. इंजिन नाही म्हणजे खडकातल्या वाटेतून आत येता येत नाही, तिथे वारा कायम पडतो आणि पाणी होडीला बाजूला ओढतं. डोलकाठी असून उपयोग काय. मी होडी वर ओढायला निघालो होतो, नारळाच्या झावळ्या टाकून झाकायला. माझं ठरलं होतं. तू म्हणालीस, "डॅडी, मला एक महिना द्या." आणि खोकी उघडायला लागलीस. बोटभर जाड वायरी, ती काळी मोटार, कुत्र्याएवढी. मी म्हणालो, "ही माझी होडी हलवणार? ही कॉफीसुद्धा दळणार नाही." तू वर न बघता वायरी सोलत राहिलीस. माझ्यावर गेलीस त्यात.

इंजिन काढलं तो दिवस आठवतो ना? आडवी काठी लावून, कप्पी बांधून, मी ओरडत, हडसन शिव्या देत, तू दोघांना गप्प करत. एवढं जड धूड निघालं तसा होडीचा मागचा भाग वर आला, बदकासारखा. बॅटऱ्या ठेवल्या तरी तो बसेना, मग आपण किनाऱ्यावरचे गोटे भरले. तेव्हा तुझी आई दारात आली होती. हात झग्याला पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "आल्बन बाहेर गेला की लगेच त्याची होडी लुटायला आलात का रे?" आपण सगळे हसलो. मीही हसलो, आल्बन मीच, तिच्या समोर उभा असून. मग त्या इंजिनाचं काय करतात? सगळं गाव करतं तेच. साखळी बांधली, नेलं आणि खाडीत बुडवलं, होडी बांधून ठेवायला. आपल्या खाडीच्या तळाशी गावातल्या प्रत्येक बापाचं इंजिन पडलेलं आहे. तू त्याच्यावर रम ओतलीस, मेलेल्या माणसाच्या कबरीवर ओततात तशी, आणि म्हणालीस, "जा बाबा, खूप खोकलास."

खोकायचंच ते. डुग डुग डुग डुग, मग एक खॅ, मग परत डुग डुग. तुझा जन्म व्हायच्या आधीपासूनचा तो खोकला. आणि त्यानंतर आपण पहिल्यांदा नवीन मोटारीवर सुटलो, तेव्हा मी सुकाणू धरून बसलोय आणि तुला विचारतोय, "अगं, चालू कधी करणार?" तू म्हणालीस, "डॅडी, मागे बघा." मागे बघतो तर धक्का लांब गेलेला. फळ्यांखालून पाणी जाताना मला ऐकू येत होतं. इतकी वर्षं त्याच पाण्यावर काढली, पण इंजिन चालू असताना पाणी काय बोलतं ते मला माहीत नव्हतं. तू माझ्याकडे बघत होतीस, मी काय म्हणतो म्हणून. मी म्हणालो, "ठीक आहे." ठीक नव्हतं पोरी, फार चांगलं होतं.

तू परत गेलीस आणि मी कामाला लागलो. पहिल्याच संध्याकाळी घरी आलो, तर दारात कोणी नाही. शेगडी थंड. तुझी आई पायरीवर बसलेली, समुद्राकडे तोंड करून. मी म्हणालो, "इस्मे, भूक लागलीय." तिनं माझ्याकडे बघितलं, जरा सरकून जागा दिली, आणि म्हणाली, "बसा ना. माझा नवरा यायचाय अजून. तो आला की सगळेच जेवू." मला अहो-जाहो करणारी बाई नव्हती ती. लग्नात सुद्धा फादरसमोर म्हणाली होती, "याला म्हणावं आधी पाय धू." मला वाटलं, चेष्टा करतेय. मग बघितलं तर चेष्टा नव्हती.

विसरणं तर आधीपासून होतंच, तू पण बघून गेलीस. मिठाच्या जागी साखर, दोन वेगळ्या चपला. पण संध्याकाळी माझ्याबद्दल कधी चुकली नव्हती. का चुकली नव्हती ते तेव्हा कळलं. संध्याकाळी खडकाच्या वाटेतून तो खोकला आला की ती उठायची, शेगडीवर भांडं ठेवायची, नीरफणस चिरायची, आणि मी पाय धुऊन आत येईपर्यंत रस्सा उकळायला लागलेला असायचा. इतक्या वर्षांत हे असंच. त्या आवाजानं तिनं मला धरून ठेवलं होतं. आता होडी आवाज न करता येते आणि किनाऱ्यावरून एक म्हातारा चालत येतो. तो कोण? सकाळी कधी ओळखायची, दुपारी कधी. संध्याकाळी नाही. संध्याकाळी तिचा नवरा समुद्रावर असायचा.

एवढंच असतं तरी चाललं असतं. मला कोणी नावानं हाक मारलीच पाहिजे असं काही नाही. पण ती जेवेना. "तो आल्याशिवाय मी जेवत नाही," हे एकच. मी ताट पुढे केलं तर म्हणायची, "तुम्ही खा, पाहुण्यांनी थांबू नये." मेरलनं गोड बोलून बघितलं, मी रागावून बघितलं. रागावलो तर म्हणाली, "माझा नवरा पण असाच तापट आहे. पण तो लवकर शांत होतो." मग मी काय करणार. तिच्या शेजारी पायरीवर बसायचो. ती त्याची वाट बघायची आणि मीही माझीच वाट बघत बसायचो. मनगटं बघता बघता काटक्यांसारखी झाली तिची. नर्स आली, म्हणाली, हळूहळू सवय होईल. उपाशी राहायची सवय कोणाला होते?

मेरलनं तुला सांगितलं ते इथपर्यंतच. मोटार बदलली आणि इस्मे नवऱ्याला ओळखेनाशी झाली, जेवेनाशी झाली. तिनं तुला तेव्हाच कळवलं नाही, ते मी सांगू नको म्हणालो होतो म्हणून. तू पहिलं विमान पकडून आली असतीस आणि आधी ती मोटार उपटली असतीस. मग आम्ही दोघं खाणार काय होतो?

मी काय काय केलं ते ऐक. हडसनला म्हणालो, तुझं इंजिन माझ्याच जातीचं, संध्याकाळी वाटेतून ये एकदा. आला बिचारा. तिनं कान दिला आणि म्हणाली, "हडसन लवकर आला आज. याचं कसं सरळ चालतं, आमचं खोकतं." मग आम्ही खाडीतलं इंजिन वर काढलं. हडसन बुडी मारून आला, दोर बांधला, आठ माणसांनी ओढलं. आत एक खेकडा संसार थाटून बसला होता. बाकी सगळं मिठानं खाल्लेलं, हात लावला तर पापुद्रे निघत होते. परत बुडवलं. हडसन म्हणाला, पोरांच्या फोनमधे कुठे आवाज भरलेला असेल. गावभर विचारलं. नाचाचे, लग्नाचे, बोकडाच्या भांडणाचे, सगळे आवाज होते. इंजिनाचा आवाज कोण जपून ठेवतो?

पुढचं मी कोणाला सांगत नाही आणि तूही सांगू नकोस. एकदा घरामागे मासे साफ करत हडसनशी बोलत होतो. बोलत काय, त्या मेलेल्या इंजिनाला शिव्या देत होतो. "मूर्ख ते मूर्ख, धड चालत होतं का कधी," मी म्हणालो, "हे असं," आणि तोंडानं करून दाखवलं. डुग डुग डुग डुग, खॅ, डुग डुग. आणि घरातून भांड्याचा आवाज आला. हडसननं माझ्याकडे बघितलं. खिडकीतून बघतो तर तुझी आई उभी, शेगडीत फुंकर घालतेय. "आला," ती म्हणाली, "खडकाच्या वाटेत आहे. नेरिसा, सोललेली तूर कुठे ठेवलीस?" तुला हाक मारली तिनं. मी बघतच राहिलो. हडसननं मला कोपर मारलं, "थांबू नकोस, मधेच बंद पडलं तर बुडशील." मग मी केलं. हळूहळू मोठं केलं, धक्क्याशी आल्यासारखं कमी केलं, बंद केलं. बादलीभर पाणी पायावर ओतलं आणि पुढल्या दारानं आत गेलो. ती वळली आणि म्हणाली, "उशीर केलास. पाय पूस आधी." आणि जेवली. दोनदा रस्सा घेतला.

त्या दिवसापासून रोज. मी, ज्याला वाढदिवसाचं गाणं म्हटलं तरी लाज वाटते, तो रोज संध्याकाळी समुद्रद्राक्षाच्या झुडपामागे उभा राहून इंजिन व्हायचो. लांबून सुरू करायचं, एकदम जवळ आलो तर तिला पटायचं नाही. खॅ विसरलो तर उठायचीच नाही, तो आलाच पाहिजे. पोरं आधी हसली. मग मेरलनं एकाच्या कानाखाली दिली आणि हसणं बंद झालं. एकदा माझा घसा बसला तर हडसननं करून बघितलं, पण तिनं मान हलवली. "हे कोणीतरी चेष्टा करतंय," म्हणाली. मग मी तसल्याच घशानं केलं, आणि आत गेलो तर म्हणते, "इंजिन दाखव कोणाला तरी, फार खोकतंय आज." हसू आलं मला. हसलो तर विचारते, काय झालं. सांगणार काय?

ख्रिसमसनंतरचा वारा सुरू झाला तशी ती अंथरुणाला लागली. ताप होता, छाती भरली होती. शेवटच्या संध्याकाळी मला वाटलं नाही की ती ऐकेल, तरी गेलो झुडपामागे. श्वास पुरत नव्हता, खोकला खराच यायला लागला. आत आलो. तिला उठवत नव्हतं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भांडं ठेवलंय का कोणी?" मी म्हणालो, "ठेवलंय." ठेवलं नव्हतं. म्हणाली, "मग जेवून घे, आल्बन." माझं नाव घेतलं. उजाडलं तेव्हा ती नव्हती.

तिला तिच्या आईशेजारी ठेवायचं होतं, पलीकडे पिटी मार्टिनीकला, ते तुला माहीत आहे. तुला विमान मिळालं नाही, त्याला कोण काय करणार. पेटी 'पेशन्स'वर ठेवली. शिडानं निघालो. मधल्या पाण्यात वारा पडला, पडतोच तिथे. मी तुझी मोटार चालू केली. बायका भजन म्हणत होत्या, आणि नेरिसा, एक शब्द बुडाला नाही. मागच्या होड्यांतली इंजिनं सगळ्यांनी बंद केली आणि दोर टाकून होड्या 'पेशन्स'ला बांधून घेतल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. चार होड्या ओढल्या त्या कॉफी न दळणाऱ्या यंत्रानं. पलीकडच्या किनाऱ्यावर लोक उभे होते, ते म्हणाले, होडी दिसायच्या आधी गाणं आलं. माझ्या त्या जुन्या धुडानं तिला नेलं असतं, तर डिझेलच्या धुरात आणि खडखडाटात गेली असती. तशी नाही गेली. गाण्यात गेली. ते तुझ्यामुळे.

आता ज्यासाठी बसलो ते. तू फोनवर म्हणालीस, "डॅडी, मी तुम्हाला आईपासून तोडलं." नाही. ती मोटार नसती तर होडी झावळ्यांखाली कुजली असती, मी घरात बसलो असतो, आणि तो खोकला मग कोणत्या इंजिनातून येणार होता? तो तसाही बंद व्हायचाच होता. बंद झाला म्हणून मला तोंडानं करावा लागला, आणि तिनं ओळखलं ते इंजिनाला नाही, मला. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी मी इतका वेडेपणा कधी केला नव्हता. तू मोटार आणली नसतीस तर केलाही नसता. हे डोक्यात घाल आणि रडणं आवर. आईच्या कबरीचा दगड कोरून तयार आहे. बदामाखाली पडलाय, कोंबड्या बसतात त्यावर. तू आल्याशिवाय तो उभा करता येत नाही, आणि दगड उभा राहिल्याशिवाय तिला स्वस्थता नाही. मेरलच्या स्वप्नात दोनदा आली, म्हणते ताट रिकामं आहे, पोरगी कुठे आहे. मी स्वप्नं मानत नाही. पण दगड उभारायच्या दिवशीच्या जेवणासाठी बोकड पोसायला घेतलाय. संध्याकाळी कधी कधी सवयीनं माझ्या तोंडून ते डुग डुग निघतं. भांडं कोणी ठेवत नाही. तेव्हा ये. मोठ्या बेटावर उतर, फेरीनं हिल्सबरोला ये, तिथून मी तुला होडीत घेतो. धक्क्यावर मान खाली घालून बसू नकोस, मी येताना आवाज होत नाही, तो तूच घालवलास. समुद्राकडे बघत उभी राहा. तरी चुकून तिकडे बघत नसलीस, तर लांबूनच मी तोंडानं करीन. तू ओळखशील.

तुला घ्यायला निघालेला,
तुझाच,
डॅडी